उभे, डावीकडून तिसरे

जुना फोटो हातात आला की मी आधी तो उलटा करते. चेहरे नंतर. पाठीवर पेन्सिलीने काही लिहिलंय का, स्टुडिओचा शिक्का उमटलाय का, अल्बममधून ओढून काढताना काळ्या जाड कागदाचा पापुद्रा चिकटून राहिलाय का, हे पाहून झालं की मग निवांत पुढची बाजू. पाठीवर बरेचदा एवढंच लिहिलेलं असतं: 'ताईच्या निरोपाच्या वेळी.' कुठली ताई, कसला निरोप, कुठलं साल, काही नाही. लिहिणाऱ्याला त्या घडीला वाटलं असणार की हे तर सगळ्यांना ठाऊकच आहे. सगळ्यांना ठाऊक असलेलं कुणी लिहून ठेवत नाही, आणि दोन पिढ्यांनंतर ते कुणालाच ठाऊक नसतं.

गेली काही वर्षं मी जुने फोटो गोळा करते. गोळा करते म्हणजे स्वतःकडे ठेवून घेत नाही. ज्यांचे आहेत त्यांच्याकडे बसून बघते, स्कॅन करते, मूळ फोटो जिथल्या तिथे परत करते आणि त्यात कोण आहे, कुठे आहे, काय चाललं आहे, हे माहीतगारांकडून लिहून घेते. यातलं शेवटचं काम सगळ्यात मोलाचं, असं माझं ठाम मत झालं आहे. एखाद्या वस्तीचा, शाळेचा, कारखान्याचा इतिहास जुन्या फोटोंमधून जपायचा म्हटलं की लोक आधी चांगल्या स्कॅनरची चौकशी करतात. स्कॅनर लागतोच. पण फोटो थांबू शकतो. नीट ठेवलेला काळापांढरा फोटो शंभर वर्षं सहज काढतो. त्यातले चेहरे ज्यांना ओळखता येतात, त्यांच्याकडे तेवढा वेळ नसतो.

माणूस दिसतो असा सर्वांत जुना मानला जाणारा फोटो पॅरिसचा आहे. फोटोकलेच्या जनकांपैकी एक, लुई दागेर यांनी १८३८ मध्ये 'बुलेव्हार द्यु ताँप्ल' या हमरस्त्यावर उंचावरून कॅमेरा लावला. प्लेटवर प्रतिमा उमटायला तेव्हा काही मिनिटं लागत. रस्ता वाहता होता, पण हलणारं काहीच उमटलं नाही, त्यामुळे तो ओस पडल्यासारखा दिसतो. फक्त एके ठिकाणी एक जण पाय पुढे करून उभा आहे, कारण तो बुटाला पॉलिश करून घेतोय. पॉलिश करणाराही अंधुकसा दिसतो. ते दोघं कोण, हे कुणालाच सांगता आलेलं नाही. रस्त्याचं नाव मात्र पक्कं आहे.

पुढेही बराच काळ हीच रीत राहिली. ग्लासगो शहरातल्या जुन्या, कोंदट गल्ल्या पाडायचं ठरलं, तेव्हा त्या पाडण्याआधी नोंद हवी म्हणून थॉमस ॲनन या छायाचित्रकाराला काम दिलं गेलं. १८६८ ते १८७१ या काळात त्याने काढलेले फोटो आजही अंगावर येतात. ओल्या फरश्या, वर वाळत घातलेले कपडे, भिंतीला टेकून उभी असलेली पोरं. जी पोरं हलली ती धुरासारखी झाली आहेत. फोटोंना नावं आहेत ती पत्त्यांची: अमुक रस्ता, एकशे अठरा नंबरची गल्ली. घर क्रमांकासकट नोंदलं गेलं आणि घरातली माणसं तशीच राहिली.

आणि हे फक्त पूर्वीचं म्हणून सोडून देता येत नाही. १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात शेतमजुरांच्या तळावर डोरोथिया लँग यांनी काढलेला त्या आईचा फोटो जगाने पाहिला आहे: हात गालाला लावलेला, नजर लांब कुठेतरी, दोन्ही खांद्यांवर तोंड लपवलेली मुलं. लँग यांनीच पुढे लिहिलं की मी तिचं नाव विचारलं नाही. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे नाव जगाला १९७८ मध्ये कळलं. बेचाळीस वर्षं ती बाई एका देशाच्या हलाखीचा चेहरा होती आणि त्या सगळ्या काळात ती जिवंत होती, नाव विचारायला कुणी गेलं असतं तर सांगू शकत होती. मला त्या फोटोतल्या दुःखापेक्षा या गोष्टीचा जास्त त्रास होतो.

फोटो काढणाऱ्यांच्या वाट्यालाही हे येतं. मालीमधल्या बामाको शहरात सेदू केइता यांनी १९४८ पासून स्टुडिओ चालवला. नवे कपडे, रेडिओ, स्कूटर घेऊन लोक त्यांच्यापुढे बसत. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनात त्यांचे फोटो लागले तेव्हा खाली लिहिलं होतं, छायाचित्रकार अज्ञात. केइता तेव्हा बामाकोतच राहत होते. कुणीतरी तिथे जाऊन विचारलं, तेव्हा कुठे उलगडा झाला.

याच्या अगदी उलट वागलेला एक माणूस मला फार जवळचा वाटतो. सॉलोमन बुचर. शेती जमली नाही, वैद्यकीचं शिक्षण अर्धवट सुटलं, असा हा माणूस १८८६ मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, कस्टर काउंटीत, घोडागाडी घेऊन निघाला. त्याच्या डोक्यात एकच होतं: या माळरानावर वसायला आलेल्या प्रत्येक कुटुंबाचा फोटो काढायचा आणि त्यांची कहाणी लिहून घ्यायची. झाडं नव्हती, लाकूड नव्हतं, म्हणून लोकांनी गवताच्या मुळांसकट जमीन कापून त्या मातीच्या लाद्यांची घरं बांधली होती. बुचर त्या घरांपुढे कुटुंबाला बसवायचा आणि सांगायचा, जे जे तुमचं आहे ते फोटोत येऊ दे. मग लोक घोडे आणत, गाय आणत, टेबल बाहेर काढून त्यावर कलिंगड ठेवत.

त्यातला एक फोटो मी मोठा करून कितीतरी वेळ बघितला आहे. मोकळं अंगण, मागे जनावरं, आणि अंगणाच्या मधोमध एक भलामोठा ऑर्गन. भोवती सगळं कुटुंब. मातीचं घर फोटोत कुठेच नाही. त्या घरच्या बाईंना दूरच्या नातलगांना नवा ऑर्गन दाखवायचा होता, पण आपण अजून मातीच्या घरात राहतो हे दाखवायचं नव्हतं. म्हणून ते धूड बाहेर अंगणात ओढून आणलं गेलं. फोटो झाल्यावर परत आत नेलं. ही हकिगत लिहून ठेवली गेली म्हणून त्या फोटोचा अर्थ लागतो. नाहीतर आपण म्हणालो असतो, केवढे संगीतवेडे लोक, उघड्यावर ऑर्गन वाजवत बसत! फोटोत जे दिसत नाही, तेच त्या बाईंचं सगळं म्हणणं होतं.

बुचरच्या आयुष्यातला पुढचा भाग वाचताना माझा जीव कासावीस होतो. १८९९ मध्ये त्याच्या घराला आग लागली. काचेच्या निगेटिव्ह धान्याच्या कोठारात ठेवलेल्या होत्या, त्या वाचल्या. लोकांनी सांगितलेल्या कहाण्यांचे कागद घरात होते, ते जळून गेले. म्हणजे चेहरे राहिले आणि बोलणं गेलं. माणसाने हाय खाल्ली असती. बुचरने पुन्हा पत्रं लिहिली, पुन्हा लोकांना गाठलं, पुन्हा लिहून घेतलं, आणि १९०१ मध्ये त्या काउंटीच्या इतिहासाचं पुस्तक काढलं. तीन हजारांहून अधिक निगेटिव्ह आज त्या राज्याच्या इतिहास संस्थेकडे आहेत. त्या फोटोंतल्या इतक्या कुटुंबांची नावं आज सांगता येतात, याचं श्रेय मी त्याच्या कॅमेऱ्याइतकंच त्याच्या वहीला देते.

नोंद कुणी केली आणि कशासाठी केली, हेही बघावं लागतं. आपल्याकडे १८६८ ते १८७५ या काळात सरकारी आश्रयाने 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंड निघाले. त्यात माणसांचे फोटो आहेत, पण खाली बहुतेक ठिकाणी माणसाच्या नावाऐवजी जातीचं, जमातीचं नाव आहे. पकडून आणून मोजमाप केल्यासारखी ती माणसं उभी आहेत. तिकडे अमेरिकेत एडवर्ड कर्टिस यांनी मूळ रहिवाशांचे फोटो काढण्यात आयुष्य घातलं. त्यांच्या एका प्रसिद्ध फोटोत तंबूत दोन पुरुष बसले आहेत. मूळ काचेच्या निगेटिव्हमध्ये त्या दोघांच्या मधे एक घड्याळ ठेवलेलं आहे. छापताना ते घड्याळ पुसून टाकलं गेलं, कारण 'प्राचीन' माणसांच्या तंबूत घड्याळ शोभत नव्हतं. ती माणसं त्या काळात, वेळ बघत, जगत होती, एवढा एकच पुरावा त्या फोटोत होता. सुदैवाने निगेटिव्ह शाबूत राहिली आणि आज घड्याळ पुन्हा दिसतं.

म्हणून मी लोकांना म्हणते, फोटो कापू नका. चेहऱ्याभोवतीची 'रिकामी' जागा म्हणून जी कापली जाते तिथेच दुकानाची पाटी असते, अर्धं बांधकाम असतं, विजेचा खांब असतो किंवा नसतो. कडेला अर्धवट आलेलं माणूस असतं.

एका शाळेचा ग्रुप फोटो माझ्यासमोर आत्ता आहे. दातेरी कडांचा, तळहातापेक्षा थोडा मोठा. मागे दोन रांगा उभ्या, मधे खुर्च्यांवर शिक्षक, पुढे जमिनीवर मांडी घालून बसलेली लहान मुलं. पुढच्या रांगेतला एक मुलगा नेमका त्या क्षणी हलला आहे, त्याला दोन हनुवट्या आल्या आहेत. मधोमध जमिनीवर पाटी टेकवून ठेवली आहे. तिच्यावर खडूने शाळेची इयत्ता आणि साल लिहिलं आहे, पण सालाचा शेवटचा आकडा एका बुटाच्या टोकाआड गेला आहे. एकोणीसशे पन्नास ते एकोणसाठ, यातलं कुठलंही. उजव्या कडेला दाराच्या चौकटीत एक माणूस उभा आहे, त्याचा अर्धा चेहरा आणि एक हात फोटोत आला आहे. हातात खुर्ची आहे. म्हणजे खुर्च्या मांडून झाल्यावर एक जास्तीची झाली, ती परत नेताना तो क्षणभर थांबला असावा.

या शाळेत शिकलेल्या एका आजींना मी फोटो दाखवला. मला वाटत होतं त्या आधी स्वतःला शोधतील. त्यांनी चष्मा वर केला, फोटो डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाल्या, "अगं, वरचा मजला नाहीये अजून." छपराच्या वर बांबूंची परांची बांधलेली होती, ती मला दिसली होती, पण मी तिला मंडपाचे बांबू समजत होते. आजींना मजला कधी झाला ते ठाऊक होतं, कारण त्या उन्हाळ्यात त्यांच्या भावाने तिथे मजुरी केली होती. बुटाने झाकलेला आकडा असा सापडला.

मग चेहरे. जुन्या माणसांसमोर नुसता प्रश्न ठेवला की उत्तरं तुटक येतात. "तुमच्या लहानपणी शाळा कशी होती?" "चांगली होती की." संपलं. फोटो पुढे ठेवला की बोलणं सुटतं. मानववंशशास्त्रातल्या जॉन कॉलियर यांनी १९५७ मध्ये याच विषयावर लेख लिहिला होता, मुलाखतीत फोटो समोर ठेवला तर काय फरक पडतो यावर. हाती फोटो असला की माणूस प्रश्न विचारणाऱ्याकडे बघत नाही, फोटोकडे बघतो आणि परीक्षा दिल्यासारखं वाटत नाही. मी त्याच्याही पुढे जाऊन सांगेन: एकाला विचारू नका, दोघांना एकत्र बसवा. एकाची आठवण दुसऱ्याची आठवण ओढून काढते. "हा नव्हे गं, हा तर त्याचा धाकटा, त्याच्या कपाळावर खोक होती बघ." आणि खरंच, भिंगाखाली कपाळावर खोक असते.

फोन बाजूला ठेवून आवाज रेकॉर्ड करावा, अर्थात आधी विचारून. नावं लिहून घेता येतात, पण नाव आठवण्याआधीची ती 'थांब, थांब' म्हणत घेतलेली चाचपडणी, मधेच आलेलं हसू, एखाद्या नावाशी एकदम गप्प होणं, हे कागदावर येत नाही.

बायकांच्या नावांबाबत मी हट्टी आहे. फोटोतल्या पुरुषांची नावं पटापट सांगितली जातात आणि बाईवर बोट आलं की 'ह्यांची मंडळी', 'अमक्याची आई'. मी पेन खाली ठेवते आणि विचारते, "त्यांचं स्वतःचं नाव?" कधी कधी खोलीत शांतता होते. शेजघरातून कुणाला तरी हाक मारली जाते, दुसऱ्या गावी फोन लावला जातो. वेळ लागतो. पण नाव मिळतं. मिळालेलं नाव ऐकून त्या घरातल्याच तरुण मुली मान वर करून बघतात, कारण त्यांनीही ते पहिल्यांदाच ऐकलेलं असतं.

दारातल्या त्या अर्ध्या माणसाबद्दलही असंच झालं. सगळे म्हणायचे, तो असाच कुणीतरी, फोटोतला नाही. शेवटी एका काकांनी भिंग घेतलं आणि हात ओळखला. चेहरा नव्हे, हात. "हे तर घंटा देणारे मामा. घंटेच्या दोरीने बोट वाकडं झालं होतं त्यांचं." त्यांचं पूर्ण नाव, ते कुठे राहायचे, सुट्टीच्या दिवशीही सवयीने शाळेत येऊन बसायचे, हे सगळं पुढच्या अर्ध्या तासात आलं. मुख्याध्यापकांबद्दल कुणी एवढं बोललं नव्हतं.

आणि उभ्यांच्या रांगेत डावीकडून तिसरे कोण, यावर दोन वर्गमित्रांचं अजून एकमत नाही. दोघांची वेगवेगळी नावं, दोघांची कारणं पटण्याजोगी. अशा वेळी मी निकाल देत नाही. दोन्ही नावं लिहिते, कुणी सांगितलं ते लिहिते, तारीख घालते. पुसट शाईने लिहिलेला 'बहुधा' हा शब्द पुढच्या माणसाच्या फार कामाचा असतो. उगाच ठामपणे लिहिलेलं चुकीचं नाव एकदा छापलं गेलं की त्याला वर्षानुवर्षं कुणी हात लावत नाही.

लिहायचं कसं, तेही सांगायला हवं. बॉलपेन नको. त्याचा दाब पुढच्या बाजूला उठतो आणि फोटो एकावर एक ठेवले तर शाई दुसऱ्या फोटोच्या चेहऱ्यावर उतरते. जुन्या कागदी फोटोच्या पाठीवर मऊ शिशाच्या पेन्सिलीने, कडेला, टणक पाटावर ठेवून, हलक्या हाताने लिहावं. नंतरच्या गुळगुळीत, प्लास्टिकचा थर असलेल्या फोटोंवर पेन्सिल उमटत नाही. त्यांच्यासाठी कागदी पाकीट घेऊन त्यावर आधी लिहावं आणि मग फोटो आत सरकवावा. या अडचणीवर एका कंपनीने फार पूर्वी सुंदर तोड काढली होती. १९१४ मध्ये कोडॅकने 'ऑटोग्राफिक' कॅमेरे आणले. कॅमेऱ्याच्या पाठीला एक छोटी झडप असे. फोटो काढला की ती उघडायची, सोबतच्या लोखंडी काडीने फिल्मच्या कागदावर तारीख, गाव, नाव लिहायचं आणि ते अक्षर निगेटिव्हच्याच कडेला कायमचं उमटायचं. हेन्री गेसमन या संशोधकाला त्याबद्दल तीन लाख डॉलर मिळाले होते. एवढी चांगली सोय १९३० च्या दशकात बंद पडली.

फोटोंचा सर्वांत मोठा शत्रू मला विचाराल तर चिकट पानांचे अल्बम. सत्तरच्या दशकापासून घरोघरी आलेले, पानावर गोंदाचे पट्टे आणि वर पारदर्शक प्लास्टिक. तो गोंद पिवळा पडतो, प्लास्टिक फोटोला चिकटतं, आणि आपण हौसेने लावलेले फोटो त्यात हळूहळू खराब होत जातात. ते नखाने उपटू नयेत. दात साफ करायचा बारीक दोरा फोटोच्या मागून करवतीसारखा हलवत नेला की बहुतेक फोटो सुटतो. जो सुटत नाही, तो पानासकट स्कॅन करावा. त्या काळातले रंगीत फोटो तर अंधारातही विटतात; त्यांच्यातला निळसर रंग आधी उडतो आणि सगळं लालसर होत जातं. म्हणून काळ्यापांढऱ्यांच्या आधी रंगीत फोटो हाती घ्यावेत. लोक नेमकं उलट करतात, जुनं आधी म्हणून.

फोटो म्हणजे कागदावर जिलेटिनचा पातळ थर, आणि त्यात चांदीचे कण किंवा रंग. पाणी लागलं की तो थर फुगतो, मऊ पडतो, मग त्यात जिवाणू वाढतात. हे मोठ्या प्रमाणावर बघायला मिळालं ते जपानमध्ये. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर आलेल्या त्सुनामीने किनाऱ्यावरची गावं धुऊन नेली. ढिगाऱ्यात हरवलेली माणसं शोधणाऱ्यांना चिखलात अल्बम सापडू लागले आणि त्यांनी ते बाजूला काढून ठेवले. मियागी प्रांतातल्या यामामोतो या गावचे जवळपास साडेसात लाख फोटो स्वयंसेवकांनी धुतले, वाळवले, त्यांचे डिजिटल फोटो काढले आणि लोकांना येऊन आपापले शोधता यावेत अशी सोय केली. काही फोटोंत जिवाणूंनी कडेपासून आत खात आणलं होतं. रंगाचे जांभळे-पिवळे ओघळ आणि मधे फक्त एक खांदा शिल्लक. घर गेलेलं, माणसं गेलेली, आणि तरी लोक तिथे येऊन तासन् तास ते फोटो चाळत होते. जुन्या फोटोंचा काय उपयोग, असं मला कुणी विचारलं की मी यामामोतोबद्दल सांगते.

भिजलेले फोटो हाती आले तर घाई करू नये, पण चालढकलही नको. थंड, स्वच्छ पाण्यात हलकेच हलवून चिखल काढायचा, पुढच्या बाजूला बोट लावायचं नाही, चेहरा वर करून सावलीत वाळवायचे. दोन दिवसांत सगळे हाताळणं शक्य नसेल, तर मधे बटरपेपर घालून फ्रीजरमध्ये ठेवावेत. गोठलेल्या फोटोत बुरशी वाढत नाही.

आता यंत्राचं. लहान फोटो सहाशे डीपीआयला (म्हणजे दर इंचाला सहाशे ठिपके), न कापता, चारही कडा दिसतील असा स्कॅन करावा, आणि पाठही स्कॅन करावी. मूळ प्रत टिफ या, चित्रातला तपशील न गमावणाऱ्या, प्रकारच्या फाइलमध्ये ठेवावी, पाठवापाठवीसाठी वेगळी, आकाराने लहान जेपीजी. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो ही मूळ प्रत नव्हे. तिथे तो दाबून लहान केला जातो आणि फाइलमध्ये भरलेली माहितीही गळून पडते. नावं फाइलच्या आत तर लिहावीतच, शिवाय सोबत एका साध्या मजकुराच्या फाइलमध्येही ठेवावीत, कारण तीस वर्षांनी कुठलं सॉफ्टवेअर असेल याची खात्री कुणी द्यावी.

आणि 'सुधारण्याचा' मोह टाळावा. हल्ली एका बटणासरशी जुना फोटो रंगीत होतो, चेहरा लख्ख होतो, डोळे मिचकावतो. तो लख्ख चेहरा त्या माणसाचा नसतो. हजारो अनोळखी चेहऱ्यांवरून यंत्राने भरलेला तो अंदाज असतो. दोन हनुवट्यांच्या त्या मुलाला असं यंत्र एक छान, गुळगुळीत हनुवटी देईल आणि तो मुलगा नाहीसा होईल. २०२१ मध्ये यातलं सर्वांत वाईट घडलं. कंबोडियात ख्मेर रूज या जुलमी कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत तुओल स्लेंगच्या तुरुंगात आणलेल्या कैद्यांचे, मारण्याआधी, फोटो काढले जात. त्या फोटोंना रंग देऊन ते एका माध्यमाने प्रसिद्ध केले, आणि काही चेहऱ्यांवर चक्क हसू आणलेलं होतं, जे मूळ फोटोत नव्हतं. तिथल्या संस्कृती मंत्रालयाने हरकत घेतली, लेख काढून टाकावा लागला. आपल्या घरातल्या फोटोत असं भयंकर काही नसेल, पण तत्त्व तेच. रंग द्यायचाच असेल तर वेगळ्या प्रतीला द्यावा आणि तिच्यावर तसं लिहावं.

सगळेच फोटो सगळ्यांना दाखवायचे नसतात, हेही या कामात कळतं. एखादी बाई अल्बम दाखवताना दोन पानं एकत्र उलटते. मी विचारत नाही. कुणी म्हणालं की हा फोटो घ्या पण माझ्या पश्चात बाहेर काढा, तर तेही नावापुढे लिहून ठेवायचं आणि पाळायचं. समाजाचा इतिहास म्हणून कुणाच्या घरावर हक्क सांगता येत नाही. विश्वास राहिला तर तोच माणूस पुढच्या खेपेला पत्र्याची ट्रंक उघडतो.

ग्रुप फोटोसाठी मला जमलेली एक साधी पद्धत आहे. फोटोच्या मोठ्या प्रतीवर ट्रेसिंग पेपर ठेवते, प्रत्येकाच्या डोक्याची आणि खांद्यांची फक्त बाह्यरेषा काढते आणि आत नंबर घालते. खाली नंबरवार रिकाम्या ओळी. रांगा वाकड्या असल्या, मुलं एकमेकांच्या आड असली की 'डावीकडून तिसरे' या मोजणीत घोळ होतो. नंबरात होत नाही. ज्यांनी ओळख पटवायला मदत केली त्यांना फोटोची छापील प्रत आणि हा आराखडा दोन्ही देते, आणि एक जोडी शाळेच्या दर्शनी भिंतीवर, हाताला पोचेल अशा उंचीवर लावते, सोबत पेन्सिल बांधून.

परवा तिथे गेले होते. सतरा नंबरची ओळ कितीतरी दिवस रिकामी होती. आता तिच्यापुढे पेन्सिलीने थरथरत्या अक्षरात एक टोपणनाव लिहिलं आहे, कंसात 'माझी धाकटी बहीण', आणि शेजारी एक फोन नंबर. उद्या सकाळी फोन करणार आहे. बहिणीचं खरं नाव विचारायचं आहे, आणि लिहिणाऱ्याचंही.